वर्णलेखन

मराठीतले काही शब्द जुन्या वाड्यांसारखे असतात. बाहेरून दार एकच. पण आत तीन-तीन, चार-चार बिऱ्हाडे नांदत असतात आणि त्यांचे एकमेकांशी बोलणेही नसते. 'वर्ण' हा शब्द असाच एक वाडा आहे. व्याकरणाच्या तासाला वर्ण म्हणजे मुखातून निघणारा मूळ ध्वनी. लग्नाच्या बाजारात वर्ण म्हणजे कातडीचा रंग. 'गव्हाळ' की 'निमगोरा' ते परिचयपत्रात सांगायचे. आणि तिसरा वर्ण कोणता, हे या देशात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे. त्यामुळे पहिल्या बिऱ्हाडाशी माझा रोजचा घरोबा आणि बाकीच्या दोघांशी जाता-येता नमस्कार. पण या वाड्यात एक चौथे बिऱ्हाडही आहे, आणि तेथे काचेच्या नळ्या, मिठाचे पाणी आणि रक्त असा संसार मांडलेला आहे, याचा पत्ता मला दोन वर्षांपूर्वी लागला.

तो दिला आमच्या महाविद्यालयातल्या जीवरसायनाच्या प्राध्यापकांनी. पैठण, फुलंब्री, सिल्लोड अशा भागांतून येणारी त्यांची मुले दहावीपर्यंत मराठीत शिकलेली असतात आणि पुढे इंग्रजी पुस्तकासमोर बसली की मुकी होतात. म्हणून या गृहस्थांनी प्रयोगांची एक छोटी पुस्तिका मराठीत लिहिली आणि हस्तलिखित माझ्या टेबलावर आणून ठेवले.

"सर, शुद्धलेखन तेवढं पाहून द्या."

पहिल्याच पानावर मथळा होता : 'वर्णलेखनाने तांबड्या पेशींतील रक्तारुणाचे शुद्धीकरण.' मी थबकलो. शुद्धलेखनासाठी आलेल्या कागदावर वर्ण, लेखन आणि शुद्धी ही तिन्ही हजर! मी म्हटले, "हा तर आमच्या खात्यातला विषय दिसतो."

ते हसले. "वर्णलेखन म्हणजे क्रोमॅटोग्राफी. रक्तारुण म्हणजे आपलं हिमोग्लोबिन. परिभाषा तुमच्याच लोकांनी केली आहे. मुलांना मात्र हिमोग्लोबिनच कळतं."

'रक्तारुण' हा शब्द मला फार आवडला. रक्तातला अरुण! एखाद्या कवीला सुचावा असा तो शब्द आहे. पण आमच्या गल्लीतली कुठलीही आजीबाई "माझं हिमोग्लोबिन नवावर आलंय गं" असेच म्हणते. "माझे रक्तारुण उणावले" असे म्हणत नाही. भाषेच्या दरबारात आजीबाईचे मत पंडिताच्या मतापेक्षा नेहमीच जड असते. तेव्हा हिमोग्लोबिन तसेच राहू द्यावे, असा मी निवाडा दिला. 'वर्णलेखन' मात्र मला सोडवेना. त्याचा अर्थ विचारला तर प्राध्यापक म्हणाले, "शब्द कळायला वस्तू पाहावी लागते. शनिवारी सकाळी प्रयोगशाळेत या."

शनिवारच्या त्या प्रयोगाची सुरुवात प्रयोगशाळेत न होता शहागंजात झाली. आमचे जुने घर तेथेच, घड्याळाच्या मनोऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. फळांच्या हातगाड्या अजून लागायच्या होत्या. प्राध्यापक एका मटणाच्या दुकानासमोर हातात बाटली घेऊन उभे होते. बाटलीत त्यांनी आधीच थोडे सोडियम सायट्रेट घालून आणले होते. ते नसेल तर रक्त बघता बघता गोठते. दुकानदाराने बोकडाचे रक्त बाटलीत धरून दिले आणि विचारले, "प्रोफेसरसाब, इसका करते क्या जी तुम?" प्राध्यापक म्हणाले, "इसमें से लाल रंग अलग निकालते." त्यावर तो मनापासून हसला. रक्तातून लाल रंग वेगळा काढायचा! मग उरायचे काय?

काय उरते, ते मी तासाभराने पाहिले. बाटलीतले रक्त नळ्यांत भरून एका गरगर फिरणाऱ्या यंत्रात ठेवले. यंत्र थांबले तेव्हा तांबड्या पेशी जड म्हणून तळाशी बसल्या होत्या आणि वर गवताच्या रंगाचे फिकट पिवळे पाणी तरंगत होते. ते पाणी काढून टाकले. खालच्या पेशी शेकडा ०.९ मिठाच्या पाण्याने तीन वेळा धुतल्या. हे प्रमाण रक्ताच्या खारटपणाशी जुळते, म्हणून त्या पाण्यात पेशी सुखरूप राहतात. नंतर एका मुलीने त्यांच्यावर शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी ओतले. तसे करताच पाणी पेशींच्या आत शिरते, त्या फुगतात आणि फुटतात. मघाचा गढूळ, अपारदर्शक लाल रंग क्षणात डाळिंबाच्या रसासारखा नितळ झाला. फुटलेल्या पेशींची टरफले पुन्हा यंत्रात फिरवून खाली बसवली. माणसाच्या एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. पेशीने आपले केंद्रकही टाकून दिलेले असते. प्राणवायू वाहून नेण्यासाठी सारे घर रिकामे करून दिलेले. एवढ्या एकनिष्ठ हमालाला १२० दिवसांचेच आयुष्य मिळते.

आता खरे वर्णलेखन सुरू झाले. एका उभ्या काचेच्या नळीत सेल्युलोजची पांढरी भुकटी भिजवून भरलेली होती. तिच्या कणांवर धन विद्युत्भार असतो. पाण्याची आम्लता एका ठराविक मापाची ठेवली की हिमोग्लोबिनवर ऋण भार येतो. तो लाल रस वरून सोडला तेव्हा हिमोग्लोबिन त्या भुकटीला चिकटून बसले आणि ज्यांना तसे आकर्षण नव्हते ते पदार्थ खाली वाहून गेले. मग मिठाचे प्रमाण हळूहळू वाढवत नेलेले पाणी वरून सोडू लागले. मिठाने पकड सैल होते. ज्याची पकड ढिली तो आधी सुटतो, ज्याची घट्ट तो मागून. पांढऱ्या स्तंभातून एक लाल पट्टा सावकाश खाली उतरू लागला. पोरे खाली एकामागून एक परीक्षानळ्या धरीत होती. काही रिकाम्या पाण्याच्या गेल्या, मग एक गुलाबी, मग दोन-तीन गर्द लाल, मग पुन्हा फिकट. नहरीच्या पाण्यावर वाढलेल्या या शहरात नळीतून उतरणारी धार मी पुष्कळ पाहिली आहे. पण अशी निवड करीत उतरणारी धार प्रथमच पाहिली.

या विद्येचा जनक मिखाईल त्स्वेत हा रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ. विसाव्या शतकाच्या आरंभी वॉर्सा येथे त्याने काचेच्या नळीत खडूची पूड भरली आणि तिच्यातून हिरव्या पानांचा अर्क गाळला. एकच वाटणारा हिरवा रंग नळीत उतरता उतरता हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांत वेगळा झाला. १९०६ साली त्याने या रीतीला ग्रीक शब्दांवरून रंगलेखन अशा अर्थाचे नाव दिले. गंमत अशी की रशियन भाषेत 'त्स्वेत' म्हणजेच रंग. गृहस्थाने सहीच केली होती म्हणायची! ज्यांनी शाळेत खडूचे टोक शाईत बुडवून ती शाई वर चढताना पाहिली आहे, त्यांना ही किमया नवी वाटू नये. आम्ही शिक्षक जन्मभर खडूने फळ्यावर लिहितो. त्स्वेतने खडूवर निसर्गाला लिहायला लावले.

आता हा स्तंभ काचेचा राहिलेला नाही. दवाखान्यांशी जोडलेल्या प्रयोगशाळांत तो बोटाएवढ्या पोलादी नळीत मावतो. पंप दाबाने पाणी ढकलतो आणि काही मिनिटांत कागदावर डोंगररांगेसारखी शिखरे उमटतात. ज्या चाळिशीपुढच्या मंडळींना साखरेची धास्ती आहे त्यांची याच्याशी ओळख असते. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी मरेपर्यंत चिकटून राहते. हा साखरेचा वाटा १९५८ साली स्तंभातूनच वेगळा दिसला होता आणि मधुमेहात तो वाढतो हे १९६८ साली इराणच्या सॅम्युएल रहबर यांनी दाखवले. आज त्याला एचबीए१सी म्हणतात. दिवाळीत मी किती करंज्या खाल्ल्या याविषयी सौभाग्यवतींना मी काहीही सांगो, डिसेंबरात माझे रक्त त्यांना खरे तेच सांगते.

पण हे लेखन नेहमीच इतके विनोदी नसते.

हिमोग्लोबिनचा रेणू चार साखळ्यांचा असतो, दोन आल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले ओळीने गुंफलेली असतात, एखाद्या वाक्यातल्या अक्षरांसारखी. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असावे लागते. काही माणसांत तेथे व्हॅलीन येते. बाकी १४५ अक्षरे जशीच्या तशी. फरक तेवढा एकाचाच. केंब्रिज येथे व्हर्नन इंग्रम यांनी १९५६ च्या सुमारास हा फरक कसा पकडला ते वाचून मला एखाद्या कसलेल्या मुद्रितशोधकाची आठवण झाली. त्यांनी दोन्ही प्रकारच्या हिमोग्लोबिनचे एका पाचक रसाने सुमारे तीस तुकडे केले आणि ते कागदावर एका दिशेने विजेच्या ओढीने व दुसऱ्या दिशेने वर्णलेखनाने पसरवले. दोन कागद शेजारी ठेवले. सगळे ठिपके जुळले. एक तेवढा जागचा हलला होता.

आपल्याकडे एका अक्षराने काय होते हे सांगायला केंब्रिजला जावे लागत नाही. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा वध झाला, तो 'धरावे' चे 'मारावे' झाल्यामुळे, ही कथा मराठी मूल दुधाबरोबर पिते. 'ध' चा 'मा' झाला आणि शनिवारवाड्यात रक्त सांडले. येथे तर खुद्द रक्तातच 'ध' चा 'मा' झालेला असतो. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हींकडून ही चुकीची प्रत आली तर प्राणवायू उणा पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि सांध्यांत, हाडांत, पोटात जीवघेण्या कळा उठतात. हाच सिकलसेल. एकीकडूनच चुकीची प्रत आली असेल तर माणूस सहसा धडधाकट असतो. तो फक्त वाहक. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही, अंगात काही जाणवत नाही. स्तंभाला मात्र दिसते : ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, व्हॅलीनवर नसतो, तेवढ्यानेच ते हिमोग्लोबिन आपली वेळ बदलून बाहेर पडते.

हे सारे मला पुस्तिकेपुरते ठाऊक असते तर मी हा लेख लिहिला नसता. पण त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझी पुतणी आमच्याकडे राहायला आली.

माझे बंधू नोकरीनिमित्त चंद्रपूरला स्थायिक झालेले. त्यांची मुलगी तिकडेच शाळेत शिकवते. तिला मराठवाड्यातले एक स्थळ सांगून आले होते. पत्रिका जुळली होती, छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण. मुलाकडची मंडळी पाहायला शहागंजातल्या आमच्या घरी यायची होती. आदल्या रात्री जेवणे झाल्यावर तिने पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. शाळेतल्या तपासणीत मिळालेला तो अहवाल होता. त्यावर ओळखीची डोंगररांग होती. एक मोठे शिखर 'ए' चे, आणि दुसरे, जेथे एरवी सपाट माळ असतो तेथे, 'एस' चे, शेकडा ३७. खाली लिहिले होते : सिकलसेल वाहक.

"काका, हा कागद मी उद्या पत्रिकेच्या शेजारी ठेवणार आहे."

माझी थोरली बहीण तेथेच बसली होती. ती म्हणाली, "अगं, ठणठणीत आहेस. कशाला आपल्या हाताने? लग्न झाल्यावर सांग हळूच."

पुतणी म्हणाली, "आत्या, मी ठणठणीत आहे हेच तर त्यात लिहिलंय. मला त्यांच्याकडून फक्त एक तपासणी हवी आहे. त्यांच्या मुलाची."

तिचे म्हणणे गणितासारखे सरळ होते. वाहक एकच असेल आणि दुसऱ्याचे हिमोग्लोबिन निर्दोष असेल तर मुलाला हा आजार होत नाही. फार तर निम्मी शक्यता तेही वाहक होण्याची. दोघेही वाहक असतील तर मात्र दर बाळंतपणात चारांत एक शक्यता आजाराची. आणि दुसऱ्याच्या रक्तात थॅलेसेमियाचे वाहकपण असले तरी बाळाला धोका राहतोच. तेही त्याच स्तंभावर दिसते. बोटभर नळीतले रक्त, एवढाच खर्च.

आमच्याकडे 'एकनाडी' म्हणून एक दोष मानतात. नवरा-नवरीची नाडी एक असली की संततीला बाधते म्हणतात, आणि अलीकडे शिकलेले लोक त्याला शास्त्राची फोडणी देऊन 'म्हणजे रक्तगट एक' असेही सांगतात. त्यात तथ्य नाही. एकाच रक्तगटाची हजारो जोडपी सुखाने मुलेबाळे वाढवीत आहेत. पण खरी एकनाडी म्हणून काही असेलच तर ती ही. ती पंचांगात सापडत नाही. ती स्तंभातून उतरावी लागते.

दुसऱ्या दिवशी मंडळी आली. पोहे झाले, चहा झाला. पत्रिकेशेजारी कागद ठेवला गेला. माझे प्राध्यापक मित्र मुद्दाम येऊन बसले होते. त्यांनी साध्या शब्दांत सारे सांगितले. मुलाच्या वडिलांनी विचारले, "मग मुलीला औषध काय चालू आहे?" त्यांना दोनदा सांगितले की वाहकाला सहसा औषधाची गरज पडत नाही. मुलगा जमिनीकडे पाहत होता. शेवटी मुलाची आई शांतपणे म्हणाली, "आमच्या रक्तात असलं काही नाही. तपासायचं काय त्यात?"

हे वाक्य मी कधी विसरणार नाही. त्यात दुष्टपणा नव्हता. होता तो पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास. आपले रक्त म्हणजे आपले कूळ, आपली प्रतिष्ठा, आपला वर्ण, आणि ते नितळ आहे हे न पाहताच ठाऊक असते. पण स्तंभाची साक्ष वेगळी आहे. मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ साली 'लॅन्सेट' मध्ये केली. विदर्भात आदिवासींत, अनुसूचित जातींत, इतर मागास समाजांत तो आढळतो. थॅलेसेमियाचे वाहक सिंधी, पंजाबी, लोहाणा अशा समाजांत अधिक दिसतात. कुठल्याही पायरीवरच्या माणसाला येथे सोवळे राहता येत नाही. आणि हा डागही केवळ डाग नाही. मलेरिया या आजारांच्या वाहकांना कमी बाधत असावा, हा तर्क हल्डेन यांनी १९४९ साली केला, आणि सिकलसेलच्या बाबतीत अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेत तसा पुरावा दाखवला. म्हणजे रानावनात, डासांच्या राज्यात जगलेल्या कुणा पूर्वजाला ज्या अक्षराने वाचवले तेच अक्षर माझ्या पुतणीपर्यंत चालत आले आहे. ते नसते तर कदाचित तिची वंशरेषा मध्येच कुठे पुसली गेली असती.

आठ दिवसांनी निरोप आला : "पत्रिका पुन्हा दाखवली. जुळत नाही."

अठ्ठावीस गुण आठ दिवसांत कुठे गेले, ते ग्रहांनाच ठाऊक. बंधू खचले. बहिणीने डोळ्यांना पदर लावला. पुतणी मात्र म्हणाली, "काका, त्यांनी माझा कागद नाकारला नाही. स्वतःचा नाकारला." एवढे बोलून ती गच्चीवर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. खाली शहागंजातला संध्याकाळचा कोलाहल चालू होता. मी तिला हाक मारली नाही. शहाणी मुलेही रडतात, आणि तेव्हा त्यांना एकटे राहू द्यावे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेला आरंभ झाला. चाळिशीच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत या आजाराचे उच्चाटन असा तिचा संकल्प आहे. तपासलेल्यांना आपली स्थिती सांगणारी कार्डे मिळतात. हे उत्तमच आहे. पण कार्ड ज्या घरात जाते त्या घरातल्या दिवाणखान्यात काय होते, हे मी पाहिले आहे. यंत्राने लिहिलेले वाचण्याची आपली तयारी नसेल तर तो कागद मुलींच्याच कपाळी चिकटवला जाईल. वाहक पुरुषही तितकेच असतात. पण परिचयपत्रावर जाब द्यावा लागतो तो तिला.

माझ्या प्राध्यापक मित्रांची पुस्तिका छापून झाली. 'वर्णलेखन' हा शब्द तीत कायम आहे. आणि मला तो आता पूर्वीसारखा केवळ गमतीचा वाटत नाही. आपण हजारो वर्षे माणसांचे वर्ण लिहीत आलो, आणि ते लिहिताना रक्ताची शपथ घेत आलो. रक्ताला स्वतःचे म्हणणे मांडायची संधी मिळाली ती खडूच्या एका नळीने. त्याने लिहिलेला वर्ण निराळाच निघाला. त्यात उच्च-नीच नाही. आहे ती एका अक्षराची अदलाबदल आणि दोन माणसांनी एकमेकांना प्रामाणिकपणे दाखवायचा एक कागद.

गेल्या महिन्यात बंधूंनी पुतणीचे नवे परिचयपत्र माझ्याकडे तपासायला पाठवले. शिक्षण, उंची, नोकरी, आणि वर्णाच्या रकान्यात तिने 'गव्हाळ' खोडून काहीच लिहिले नव्हते. शेवटी एक ओळ तिची स्वतःची होती : 'सिकलसेल वाहक. मुलाने हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यावी.' बंधूंनी फोनवर चाचरत विचारले, "ती ओळ काढली तर चालणार नाही का रे? तू भाषेचा माणूस. जरा मऊ करून दे."

मी ती ओळ दोनदा वाचली. ऱ्हस्व-दीर्घ ठीक होते, विरामचिन्हे जागच्या जागी होती, एकही अक्षर इकडचे तिकडे झालेले नव्हते. मी खाली बरोबरची खूण केली आणि कागद तसाच परत पाठवला.